तोंडभर पाणी

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नव्या शैक्षणिक वर्षाच्या उद्घाटनाची बैठक झाली. यंदाचा विषय पुन्हा शाश्वत विकास. आमचं विद्यापीठ लहान आहे, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधल्या जंगलात, वैनगंगेच्या अलीकडे, आणि आमचे विषय दर दोन-तीन वर्षांनी फिरून तेच येतात. बॅनरही जपून ठेवलेला असतो, फक्त पाहुण्यांच्या नावावर नवी पट्टी चिकटते. बैठकीत कुलगुरूंनी मला विचारलं, "मॅडम, त्या कोसमटोल्याच्या तलावाचं काय? पाहुण्यांना नेऊन दाखवण्यासारखं आहे का काही?"

मी दोनच दिवसांपूर्वी त्या तलावावर जाऊन आले होते. माझ्यासमोर पाण्याची बाटली होती. ती उचलून मी एक मोठा घोट तोंडात घेतला आणि मान हलवली. कुलगुरूंनी जरा वाट पाहिली आणि पुढचा मुद्दा घेतला. शेजारच्या सरांनी काळजीनं माझ्या पाठीवर थोपटायला हात उचलला होता, तो मी नजरेनंच खाली ठेवायला लावला.

मी अशी का वागले, हे सांगायचं तर मुखरूभाऊंबद्दल सांगावं लागेल. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याबद्दल सांगायचंच आहे. जुलै आला की मला त्यांची फार आठवण येते. व्हरांड्यात नव्या पोरांचा गोंगाट सुरू होतो, प्रयोगशाळेचं कुलूप निघतं आणि ते उघडणारा माणूस दुसराच असतो.

मुखरूभाऊ नान्हे आमच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकं काढून द्यायची, बेडूक-मासे आणायचे आणि प्राध्यापकांना चहा द्यायचा, एवढं त्यांचं कागदावरचं काम. विद्यापीठामागच्या रस्त्यानं सायकलवर अर्धा तास गेलं की कोसमटोला लागतो, ते त्यांचं गाव. गाव ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं. गावाला लागून मालगुजारांच्या काळातला जुना तलाव आणि तलावाच्या पाळीवर मोहाची चार-पाच झाडं.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझी मुलाखत घेतली. निवड समितीनं घेतली होती तिच्यापेक्षा ती लहान होती आणि अवघड होती.

"कोनत्या गावच्या जी तुमी?"

"सिन्नरच्या. नाशिककडं."

"तलाव हाये का गावात?"

"नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो."

किल्ल्यांचा जुडगा उचलत ते म्हणाले, "मंग अवघड हाये," आणि निघून गेले. काय अवघड आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. मला राग आला. मला राग लवकर येतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारलं तरी कळेल.

मुखरूभाऊ बुटके होते, काळेसावळे, रुंद खांद्यांचे. पांढरा बुशशर्ट, खांद्यावर दुपट्टा, डोळ्यांवर जाड चष्मा. चष्म्याची एक काडी कधीच तुटली होती आणि तिथं जाळं विणायच्या दोऱ्याची गाठ होती. त्या दोऱ्याचं एक रीळ त्यांच्या खिशात कायम असायचं. जगात जे काही मोडतं ते त्या दोऱ्यानं बांधता येतं, असा त्यांचा विश्वास होता. प्रयोगशाळेतली स्टुलं, सूक्ष्मदर्शकाच्या पेटीचा कडी-कोयंडा, माझ्या चपलेचा अंगठा, एकदा तर एका विद्यार्थ्याचा प्रबंध, बांधणी सुटली म्हणून, त्यांनी त्याच गाठीनं बांधून दिला. परीक्षकांनी तो सोडवायचा प्रयत्न केला आणि शेवटी मुखरूभाऊंनाच बोलावलं.

हिवाळ्यात ते झाडीपट्टीतल्या नाटकांमध्ये काम करायचे. भूमिका ठरलेली, नायिकेचा कडक बाप. त्यामुळे त्यांच्याकडे दोन मराठ्या होत्या. एक रोजची आणि एक रंगमंचावरची. दुसरी ते फक्त कुलगुरूंशी बोलताना वापरायचे. कुलगुरू पाहणीला आले की मुखरूभाऊ छाती पुढे काढून म्हणत, "आज्ञा व्हावी, साहेब! ही प्रयोगशाळा आपल्याच आगमनाची प्रतीक्षा करीत होती." कुलगुरू गोंधळून इकडेतिकडे पाहत. त्यांची पाठ वळली की हेच मुखरूभाऊ मला विचारत, "चाय आनू का जी?"

एकदा बाहेरून एक परीक्षक आले होते. मोठे विद्वान, आणि ते स्वतःलाही माहीत असलेले. तोंडी परीक्षेसाठी त्यांनी फडताळातली एक माशाची बरणी उचलली आणि चिठ्ठीवरचं शास्त्रीय नाव वाचलं. मुखरूभाऊ मागून म्हणाले, "हे ते नाई, साहेब."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हे मेलं तवा मी होतो."

परीक्षकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण माणूस प्रामाणिक निघाला. बरणी उघडली, मासा बशीत काढला, भिंग लावून पंखातले काटे मोजले, पुस्तक काढलं, पुन्हा मोजले. मग त्यांनी चष्मा काढून मुखरूभाऊंकडे पाहिलं आणि चिठ्ठी बदलायला सांगितलं. मुखरूभाऊंनी नवी चिठ्ठी लावली, त्यावर वर त्यांच्या गावचं नाव आणि खाली लॅटिन. पुढच्या महिन्याभरात फडताळातल्या सगळ्या बरण्यांवर अशी दोन-दोन नावं आली. कोणी लावायला सांगितली, ते कोणीच विचारलं नाही.

पण मुखरूभाऊंचं खरं काम पहिल्या दिवशी दिसायचं. विद्यापीठाचं वर्ष सभागृहात दिवा लावून सुरू होतं. आमच्या विभागाचं वर्ष एका बरणीनं सुरू व्हायचं. पहाटे ते कोसमटोल्याच्या तलावातून एक मोठी काचेची बरणी भरून आणत. सायकलच्या कॅरिअरला ती अर्थातच त्या दोऱ्यानं बांधलेली असे. ती ते प्रयोगशाळेच्या मधल्या टेबलावर ठेवत आणि नव्या पोरांना भोवती उभं करत.

"काय दिसते?"

पोरं वाकून पाहत. कोणीतरी म्हणे, "काही नाही सर. पाणी आहे."

"बरं. मंग पानीच पाहा अर्धा तास."

आणि ते खरोखर घड्याळ लावून बसत. दहा मिनिटं पोरं खुसूखुसू हसत. मग एकीला काहीतरी उड्या मारताना दिसे, टाचणीच्या टोकाएवढं. मग दुसऱ्याला काचेला चिकटलेली गोगलगाईची अंडी. मग एखादा पाण्यातला किडा बुडाशी चालायला लागे. अर्धा तास संपेपर्यंत सगळ्यांची नाकं काचेला लागलेली असत आणि टेबलाभोवती भांडणं सुरू झालेली असत, मला दिसलं ते तुला का दिसत नाही म्हणून. मुखरूभाऊ तेव्हा बाहेर जाऊन तंबाखू चोळत. त्यानंतर वर्षभर कोणी त्यांना काही विचारलं, जेवण काय आणलंय, नाटकात यंदा काय, साहेब काय म्हणाले, की त्यांचं उत्तर एकच. "काई नाई. पानी हाये." त्याचा अर्थ, बस आणि नीट बघ.

मी मात्र नीट बघितलं नाही. ते मला सांगायलाच हवं.

माझं तिसरं वर्ष होतं. उद्घाटनाचा विषय पहिल्यांदाच शाश्वत विकास आला आणि मी संयोजक झाले. मी ठरवलं की नुसती भाषणं नकोत, काहीतरी करून दाखवायचं. उद्घाटनाच्या सकाळी विद्यार्थ्यांनी कोसमटोल्याचा तलाव स्वच्छ करायचा, मग पाहुण्यांना तिथं नेऊन पाळीवर फोटो काढायचा आणि मग सभागृहात कार्यक्रम. आम्हा सिन्नरकडच्या लोकांना पाणी म्हणजे पिण्याचं, त्यात काही उगवलेलं दिसलं की ते काढायचं, एवढंच ठाऊक. आदल्या दिवशी मी याद्या करत बसले होते, तेव्हा मुखरूभाऊ टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"म्याडम, तलावातलं काय काढनार जी?"

"घाण."

"घान कोनती?"

"अहो, ते सगळं गवत. मुखरूभाऊ, तुम्ही पाहुण्यांच्या चहाचं बघा आधी."

"हो जी," ते म्हणाले आणि गेले.

पोरांनी जीव तोडून काम केलं. दाताळी, दोऱ्या, कमरेएवढ्या पाण्यात उतरलेली मुलं, पाळीवर मुलींची साखळी. दोन तासांत तलाव आरशासारखा लख्ख झाला. काठाला मात्र बेशरमची झुडपं आम्ही तशीच ठेवली, कारण त्यांना जांभळी फुलं आली होती आणि बॅनरच्या मागे ती छान दिसत होती. पाहुणे खूश झाले, फोटो छान आला. मुखरूभाऊ त्या वेळी सभागृहात कप मांडत होते.

कार्यक्रम आटोपल्यावर बॅनर राहिला म्हणून मी पुन्हा तलावावर गेले. उन्हं उतरली होती. पाळीवर आम्ही काढून टाकलेल्या गवताचा मोठा ढीग होता आणि ढिगाशेजारी मुखरूभाऊ बसले होते. गवताचा एकेक झुबका हातात घेऊन ते झटकत होते. त्यातून काही निघालं, एखादं बोटाएवढं पिल्लू, एखादी गोगलगाय, की पाण्यात सोडत होते. बरंच काही मेलेलं होतं. ते वेगळं ठेवलं होतं.

"हे चिला हाये, म्याडम," हातातलं गवत दाखवत ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "हे गाद. हे चौरा. मरळ याच्यातच जागा करून अंडे टाकते. काई रायलं नाई आता तिले."

मरळ म्हणजे लांबट, काळसर, सापाच्या डोक्याचा मोठा मासा. तो त्या तलावाचा राजा, हे मला माहीत होतं. बाकीचं काहीच माहीत नव्हतं. आणि अशा वेळी माझ्यासारखी माणसं जे करतात, तेच मी केलं. चिडले.

"मग काल का नाही बोललात?"

"इचारलं होतं जी. तुमी चाय पाहाले सांगितली."

मी खाली बसले आणि ढिगातला एक झुबका उचलला. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत झटकत होतो. एकदाच त्यांनी हात थांबवून काठाकडे पाहिलं. "अन् बेशरम काऊन ठेवली? ते तं काढाची होती. ते तलाव खाते."

"फुलं चांगली दिसत होती."

ते एकदम खो खो हसायला लागले. मला रडू येत होतं आणि हा माणूस हसत होता. त्या हसण्यानं मी वाचले, असं मला आजही वाटतं.

त्या वर्षी तलावात मरळीची पिल्लं दिसली नाहीत. पुढच्याही वर्षी नाही. मरळ पावसाळ्याच्या सुरुवातीला वीण करते. तिची पिल्लं लालभडक असतात, मूठभर पसरलेल्या कुंकवासारखी, आणि ती घोळक्यानं पाण्याच्या वर येतात. आई-बाप खालून राखण करत असतात. पिल्लावरच्या मरळीला हात लावायचा नाही, हा मुखरूभाऊंच्या गावचा कायदा. तो मोडणं सोपं असतं, कारण पिल्लं दिसली की मरळ कुठं आहे ते कळतं. म्हणून दिसलं तरी बोलायचं नाही.

"मी लहान होतो तवा बापासंगं डोंग्यात राहो," मुखरूभाऊंनी एकदा सांगितलं. "पिल्लं दिसले का बाप म्हने, आ कर. मंग ओंजळीनं तलावातलं पानी तोंडात भरे अन् म्हने, आता घरी जा. गिळू नको, थुकू नको. पोट्ट्याच्या पोटात गोठ राहते का कुठी? तोंड भरलं असलं का बोलता येत नाई."

"मग गाल फुगवून गावातून जाताना लोकांना कळत नसेल?"

"कळे ना! सारं गाव पाहे अन् समजे, का यंदा मरळ पिल्लावर आली. बाया हासत. पन कुठी आली, ते कोनाले नाई कळे. अन् ज्यानं फुगलेले गाल पाहिले, त्यानं त्या आठोड्यात जाळं नाई टाकाचं. त्याले सांगितल्यासारखंच झालं."

दोन उन्हाळे गेले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तलाव भरायचं काम मुखरूभाऊंनी सुरू केलं. भरायचं म्हणजे पाण्यानं नाही. मे महिन्यात पाणी तळाला जातं, तेव्हा त्यांची बायको पार्वताबाई आणि गावातल्या बाया काठची बेशरम मुळासकट उपटत. दुसऱ्या गावच्या तलावातून मुखरूभाऊ चिला आणि गाद आणत, पोत्यात ओली ठेवून, सायकलवर. मग चिखलात एकेक जुडी लावायची, धानाचं परं, म्हणजे रोपं, लावतात तशीच. मी दरवर्षी जायचे. माझी लावलेली जुडी दुसऱ्या दिवशी तरंगत असायची.

"म्याडम, तिले पीएचडी दाखवू नका. अंगठ्यानं दाबा."

पार्वताबाई आणि बाकीच्या बाया हसायच्या. मीही हसायचे. चिखलात घोट्यापर्यंत उभं राहून कुणीतरी आपल्याला हसतंय, आपण त्यांच्यातले आहोत, असं वाटायचं. माझ्या आयुष्यातले ते दिवस मला परत हवे आहेत, अगदी तसेच, उन्हासकट.

झाडोरा वाढला. लहान मासे परतले, पक्षी आले. मरळ मात्र नाही. दरवर्षी जुलैत, पहिल्या दिवशीची बरणी टेबलावर ठेवली की मी हळूच विचारायचे, "मुखरूभाऊ, मरळ आली का?" आणि ते म्हणायचे, "काई नाई म्याडम. पानी हाये." तेवढं एक उत्तर ते पोरांसारखं द्यायचे, खाली बघून. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. पण निवृत्तीचं वर्ष जवळ यायला लागलं तसं मला कळत होतं की त्यांना दुसरं काही नको आहे. एकदा तो लाल घोळका पाहायचा आहे.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं. मुखरूभाऊंनी नाटकातल्या मराठीत भाषण केलं, इतकं रंगलेलं की कुलगुरूंनी दोनदा टाळ्या वाजवल्या. शेवटी मात्र ते एकदम आपल्या बोलीवर आले. "सारं केलं. एक गोठ रायली," म्हणाले आणि बसले. काय हवं ते मागा, असं विभागानं म्हटलं, तर त्यांनी ती काचेची बरणी मागितली. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी मी नवी बरणी भरून आणली. पोरांनी पाणी पाहिलं, पण अर्धा तास मला धीर धरवला नाही. मी वीस मिनिटांतच सांगून टाकलं.

निवृत्तीनंतर मुखरूभाऊ छातीच्या दुखण्यानं खंगत गेले. गेल्या वर्षी उद्घाटन सोमवारी होतं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी त्यांना भेटायला गेले. ते घरी नव्हते. पार्वताबाई म्हणाल्या, तलावावर आहेत, ऐकत नाहीत, सकाळपासून तिथंच.

पाळीवर मोहाखाली खाट टाकून ते बसले होते. शर्टात माणूस उरला नव्हता. पायाशी पितळी लोटा होता. मला पाहून हसले आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं.

"इकडं बसा, गावाकडं तोंड करून. तिकडून ऊन डोळ्यावर येते."

आभाळ गच्च भरलेलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. पण आजारी माणसाशी कोण वाद घालणार? मी गावाकडे तोंड करून बसले आणि सांगायला लागले. सोमवारी पाहुण्यांना इथं आणायचं ठरलंय. चंद्रपूरहून दोन बोटी येणार आहेत. पाहुण्यांच्या हातून तलावात मत्स्यबीज सोडायचं, पोरं सगळी काठावर, आणि इथंच, या पाळीवर, मुखरूभाऊंचा सत्कार. एवढ्या वर्षांनी तरी त्यांचं काम लोकांनी पाहावं, अशी माझी इच्छा होती. ते ऐकत होते. मी शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, "मरळ आली का हो?"

त्यांनी लोटा उचलून पाण्याचा घोट घेतला. नेहमीचं उत्तर काही आलं नाही. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. मग ते म्हणाले, "म्याडम, सोमवारी इथी कोनाले आनू नका."

"का?"

"मी सांगून राह्यलो म्हून."

मला वाटलं, आजारपणात लोकांसमोर यायला नको वाटत असेल. कारण पटलं नाही, पण या वेळी मी त्यांना चहाचं बघायला सांगितलं नाही. परत आले आणि कुलगुरूंना सांगितलं की पाळ घसरडी झाली आहे, पाहुण्यांना नेणं धोक्याचं आहे. बोटी परत पाठवल्या. त्यावरून मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. सोमवारी सगळं निसर्गप्रेम सभागृहातच पार पडलं, कुंडीतल्या रोपांसकट.

त्याच आठवड्यात गुरुवारी मुखरूभाऊंना गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं आणि शुक्रवारी ते गेले.

तेरवीला मी गेले. जेवणं झाल्यावर पार्वताबाईंनी माझा हात धरला आणि मला पाळीवर नेलं. मोहाखाली खाट तशीच होती. त्यांनी मला मुखरूभाऊ बसायचे त्या टोकाला बसवलं, पाण्याकडे तोंड करून.

चिल्याच्या दोन झुडपांमध्ये पाणी हलत होतं. मग तिथं एक घोळका वर आला, शेकडो पिल्लांचा. रंग लालीवरून मातकट व्हायला लागला होता. क्षणभर तोंडं वर काढून सगळी एकदम खाली गेली, आणि त्यांच्याखालून एक काळी, हातभर लांब पाठ वळली.

मी किती वेळ तिथं पाहत होते, मला ठाऊक नाही. डोळे वाहत होते ते पुसायचंही सुचलं नाही.

"आखाडाच्या सुरवातीलेच दिसली त्याईले," पार्वताबाई हळूच म्हणाल्या. "रोज येऊन बसत. सोमवारी बोटी येतीन म्हून जीव उडाला होता त्याईचा. तुमी ऐकलं, लय बरं झालं. मले म्हने, म्याडमले सांगितलं मी."

"नाही हो पार्वताबाई. मला नाही सांगितलं. त्या दिवशी मरळीबद्दल एक शब्द नाही बोलले ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी अगदीच परक्या गावची असल्यासारखं.

"बोलते का कोनी?"

तेव्हा मला तो शुक्रवार पुन्हा दिसला. मी विचारलं, मरळ आली का, आणि त्यांनी लोटा उचलला. घोट घेतला, पण गिळला नाही. गाल टम्म फुगवून ते माझ्याकडे पाहत बसले. त्या वाळलेल्या चेहऱ्यावर ते दोन गाल, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आणि त्यामागचे डोळे हसत होते, क्षणात माझ्याकडे, क्षणात माझ्या खांद्यावरून मागे पाण्याकडे. कोसमटोल्याचं शेंबडं पोरही ओळखून हसलं असतं. ते किती वेळ तसेच थांबले होते, मला कळावं म्हणून. आणि मी काय म्हणाले होते? मी म्हणाले होते, "मुखरूभाऊ, ते पाणी गिळा आधी, ठसका लागेल."